कार्बनचा मापाडी कोण?

गेल्या काही वर्षांत ‘कार्बन क्रेडिट’ हा शब्द खानदेशातल्या गावागावांत पोहोचला आहे. बांधावर झाडे लावा, पडीक रानात बांबू लावा, नांगरट कमी करा आणि तुमच्या शेताने हवेतून ओढून घेतलेल्या कार्बनचे पैसे परदेशी कंपन्यांकडून मिळवा, असे सांगणारे प्रतिनिधी गावोगाव फिरतात, आणि त्यांच्या मागोमाग वादही गावात शिरतो. एका बाजूचे म्हणणे असे की, कापसाला भाव नाही, केळीच्या विम्याचे पैसे वेळेवर नाहीत, अशा दिवसांत शेतकऱ्याच्या हातात चार पैसे पडत असतील तर शहरात बसलेल्या टीकाकारांच्या पोटात का दुखावे? दुसऱ्या बाजूला हे सगळेच परदेशी कारस्थान वाटते. त्यांतले काही जण तर हवामानबदलालाच थोतांड ठरवून मोकळे होतात. मला या वादाचे वाईट वाटते, कारण ज्या मालावरून दोन्ही बाजू भांडत आहेत तो माल नेमका कोणता, त्याचे माप कोण घेतो आणि माप खोटे निघाले तर तक्रार करायला कोण उभा राहणार, हे साधे प्रश्न कोणीच विचारत नाही. बाजार समितीच्या आवारात तीन-तीन पिढ्या ज्यांनी काट्याकडे डोळे लावून काढल्या, त्या मुलखाने तरी हे प्रश्न आधी विचारायला हवे होते.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. प्रदूषणाला किंमत लावण्याला आणि त्यासाठी बाजाराचा उपयोग करण्याला माझा विरोध नाही. कार्बनचा व्यापार या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या जातात, हे माझे म्हणणे आहे. पहिल्या प्रकारात सरकार एखाद्या उद्योगसमूहाच्या एकूण धुराला मर्यादा घालते, तेवढ्याच टनांचे परवाने वाटते किंवा विकते, आणि ज्याने आपला धूर स्वस्तात कमी केला तो उरलेले परवाने दुसऱ्याला विकू शकतो. परवाने कोणाकडेही गेले तरी एकूण मर्यादा हलत नाही. दुसऱ्या प्रकारात कारखाना आपला धूर तसाच सोडतो आणि मर्यादेच्या बाहेरच्या कोणाकडून तरी, एखाद्या जंगलाकडून, पवनचक्कीकडून, चुलीकडून किंवा शेताकडून ‘तुमच्यामुळे एक टन कार्बन वाचला’ असा दाखला विकत घेऊन आपल्या वहीत जमा धरतो. याला ऑफसेट म्हणजे भरपाई-क्रेडिट म्हणतात. पहिला व्यवहार कडकपणे चालवला तर उपयोगाचा आहे. दुसरा त्याच्या घडणीतच सदोष आहे आणि कारखान्याच्या धुराची भरपाई म्हणून तो मान्य करणे थांबवावे, असे मला वाटते.

बाजाराच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा आधी मान्य करायला हवा. अमेरिकेत १९९० साली स्वच्छ हवा कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९९५ पासून कोळशावरच्या वीज केंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडला एकूण मर्यादा घालून परवान्यांचा व्यापार सुरू झाला. १९८० च्या पातळीपेक्षा वर्षाला १ कोटी टनांनी घट करायची होती. ती झाली, आणि उद्योगांनी आरडाओरडा करून सांगितलेल्या खर्चापेक्षा कितीतरी कमी पैशांत झाली. आम्लवर्षेचे संकट ओसरण्यात या योजनेचा वाटा मोठा आहे. इतके लांब जायचेही कारण नाही. नवापूर ओलांडून पुढे गेले की सुरत येते, जिथल्या कापड कारखान्यांत आपल्या धुळे-नंदुरबार-जळगावची हजारो माणसे राबतात आणि उधना-लिंबायतच्या वस्त्यांत त्याच हवेत श्वास घेतात. त्या सुरतेत २०१९ साली धुरातल्या कणांसाठी अशी मर्यादा-व्यापार योजना सुरू झाली, आणि धुरातल्या कणांसाठीचा हा जगातला पहिलाच बाजार मानला जातो. तीनशेहून अधिक कारखान्यांवर केलेल्या अभ्यासात, योजनेत आलेल्या कारखान्यांचे कणप्रदूषण २० ते ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. ‘बाजार म्हणजे लूटच’ असे म्हणणाऱ्यांनी या आकड्याला उत्तर दिले पाहिजे, आणि माझ्या मते त्याला उत्तर नाही.

पण सुरतेत हे का जमले? कारण तिथे प्रत्येक चिमणीवर सतत मोजणारे यंत्र होते आणि एकूण धुराची मर्यादा ठरलेली होती. अमेरिकेतही तेच होते. जे मोजले जात होते ते प्रत्यक्ष चिमणीतून बाहेर पडत होते, आणि शंका आली तर ते पुन्हा मोजता येत होते. युरोपात २००५ साली सुरू झालेल्या कार्बन बाजारात परवानेच गरजेपेक्षा जास्त वाटले गेले, तेव्हा २००७ मध्ये पहिल्या टप्प्यातल्या परवान्याचा भाव जवळजवळ शून्यावर आला. म्हणजे मर्यादा सैल असेल तर हा प्रकारही पोकळ ठरतो. तरीही तिथली चूक दिसू शकली, आणि पुढे मर्यादा आवळून ती काही प्रमाणात दुरुस्त करता आली.

भरपाई-क्रेडिटमध्ये काय मोजतात? दिवाळीनंतर जिनिंगच्या दारात कापसाच्या गाड्यांची रांग लागते, ते दृश्य डोळ्यांपुढे आणावे. ग्रेडर गाडीवर चढतो, ओलावा मोजण्याच्या यंत्राची सळई कापसात खोलवर खुपसतो, आणि आकडा येईपर्यंत शेतकरी खाली उभा राहून त्या काचेकडे पाहत असतो. हमीभावाच्या केंद्रावर ८ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की भाव कापला जातो, १२ च्या वर गेला तर गाडी परत फिरते. शेतकरी ग्रेडरशी भांडतो, सळई दुसऱ्या बाजूने खुपसायला लावतो, स्वतः मूठभर कापूस काढून त्याच्या हातात देतो. भांडण होऊ शकते, कारण कापूस समोर आहे. कार्बनच्या भरपाईत असा समोर काही मालच नसतो. ‘हा प्रकल्प झाला नसता तर किती कार्बन हवेत गेला असता’ हा अंदाज एका बाजूला, ‘प्रत्यक्षात किती गेला’ हा आकडा दुसऱ्या बाजूला, आणि या दोहोंतली वजाबाकी म्हणजे विकायचा माल. दुसरा आकडा निदान मोजता तरी येतो. पहिला, ज्याला या व्यवसायात बेसलाइन म्हणतात, कधी घडलाच नाही. जे घडले नाही त्यात सळई कुठे खुपसणार?

याच प्रदेशाच्या इतिहासात एक जुना दाखला आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबई इलाख्याकडे मोर्चा वळवला. भाव असे चढले की खानदेशापासून धारवाडपर्यंत कापूस म्हणजे सोने झाले. पण खरेदीदार समुद्रापलीकडे, पैसे वजनावर, आणि मधे दलालांची साखळी. मग कापसात सरकी, माती, पाणी आणि हलका माल मिसळू लागला. मापात पाप इतके वाढले की १८६३ साली मुंबई सरकारला कापसातील लबाडी रोखण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला आणि गठाणी तपासायला निरीक्षक नेमावे लागले. दूरचा खरेदीदार, चढा भाव आणि वजनावरचे पैसे हे आजच्या कार्बन बाजाराचेच वर्णन आहे, आणि एवढ्यावर कोणी म्हणेल की तेव्हा निरीक्षक नेमले तसे आताही नेमा. फरक इथेच आहे. तेव्हा गठाण फोडली की माती हातात येत होती, आणि मुख्य म्हणजे माती निघाल्यावर लिव्हरपूलचा व्यापारी संतापत होता, कारण नुकसान त्याचे होते. कार्बनच्या गठाणीत माती निघाली तर विकत घेणाऱ्याचे काय बिघडते? त्याला कागद हवा होता, तो मिळाला; आत माल कमी असल्याने कागद स्वस्तच पडला. विकणाऱ्याला जास्त टन दाखवायचे असतात, घेणाऱ्याला स्वस्त टन हवे असतात, आणि तपासणाऱ्या संस्थेची फी बहुतेक वेळा प्रकल्प चालवणाराच देतो. व्यवहारातल्या तिघांचेही हित माप फुगवण्यात आहे. ज्याचे नुकसान होते, म्हणजे आभाळाचे आणि पुढच्या पिढ्यांचे, तो या आवारात उभाच नाही.

पंचवीसएक वर्षांचा अनुभव हेच सांगतो. हवामानबदलावरच्या १९९७ च्या क्योटो करारातून ‘स्वच्छ विकास यंत्रणा’ निघाली. श्रीमंत देशांनी गरीब देशांतल्या प्रकल्पांकडून क्रेडिट घ्यावे आणि आपल्या बंधनात जमा धरावे, अशी ती सोय. चीन आणि भारतातल्या शीतकवायू बनवणाऱ्या मोजक्या कारखान्यांना तिचा मोठा लाभ झाला. त्यांच्या प्रक्रियेत एचएफसी-२३ नावाचा टाकाऊ वायू निघतो. त्याचा एक टन जाळला की ११,७०० टन कार्बन डायऑक्साइड वाचल्याचे क्रेडिट मिळे. जाळण्याचा खर्च किरकोळ, क्रेडिटची किंमत प्रचंड. इतकी की मूळ मालापेक्षा टाकाऊ वायू नष्ट करण्यातून जास्त पैसा मिळू लागला. क्योटोच्याच दुसऱ्या एका यंत्रणेखाली रशियातल्या कारखान्यांनी तर क्रेडिट वाढवता यावेत म्हणून जास्तीचा टाकाऊ वायू निर्माण केल्याचे पुढे संशोधकांनी दाखवले. शेवटी २०१३ पासून युरोपने हे क्रेडिट स्वीकारणे बंद केले. २००८ आणि २००९ मध्ये दोन मोठ्या तपासनीस संस्थांची मान्यता काही काळ स्थगित करावी लागली. २०१६ साली युरोपीय आयोगासाठी झालेल्या एका अभ्यासाने स्वच्छ विकास यंत्रणेतल्या प्रकल्पांचा आढावा घेतला, तेव्हा ८५ टक्के प्रकल्पांतून खरी, एरवी न झालेली घट झाली असण्याची शक्यता कमी असल्याचे आढळले. ज्यांच्याविषयी बऱ्यापैकी खात्री देता येईल असे प्रकल्प २ टक्के निघाले.

आणि धुळ्याच्या पवनचक्क्या? साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर उभ्या असलेल्या त्या पांढऱ्या पात्यांच्या रांगा पाहून मलाही बरे वाटते. त्या वीज देतात आणि त्या असाव्यात. या भागातल्या अनेक पवनऊर्जा प्रकल्पांची त्याच यंत्रणेखाली नोंदणी झाली होती. पण त्या काळात पवनचक्कीत गुंतवलेल्या रकमेपैकी ८० टक्क्यांपर्यंत रक्कम पहिल्याच वर्षी घसारा म्हणून करातून वजा करता येत होती आणि वीज मंडळाकडून ठरलेला दर मिळत होता. म्हणजे पवनचक्क्या उभारण्याचे कारण करसवलतीत आणि दरात होतेच. भारतातल्या अशा प्रकल्पांचा अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला तेव्हा किमान ५२ टक्के क्रेडिट असे निघाले की ते प्रकल्प क्रेडिट नसते तरी बहुधा उभे राहिलेच असते. त्या क्रेडिटच्या आधाराने युरोपात कोळसा मात्र खराखुरा जळला. पवनचक्की चांगली, पण ‘माझ्यामुळे वाचला’ हा तिच्या नावावर विकलेला दाखला पोकळ, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि आपल्याकडच्या वादात नेमके हेच कोणी ऐकून घेत नाही. सुधारित चुलींचेही तसेच. धुराने डोळे चुरचुरणाऱ्या बाईला चांगली चूल मिळाली तर तिचे भलेच होते. पण २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार तपासलेल्या चूल-प्रकल्पांनी प्रत्यक्ष घटीच्या सुमारे नऊपट क्रेडिट दाखवले होते.

यावर एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो घेणारे प्रामाणिक लोक आहेत. ते म्हणतात, या सगळ्या जुन्या चुका आहेत, आता उपग्रह आहेत, कडक नियम आहेत, नव्या पद्धती आहेत. माप सुधारा, बाजार मोडू नका. उपग्रह झाड उभे आहे की पडले ते सांगतो, आणि तेवढे तो चांगले सांगतो. हे झाड पैसे नसते तर पडले असते का, हे कोणता उपग्रह सांगणार? प्रत्येक वेळी घोटाळा बाहेर आला की नवी नियमावली येते, आणि विषय बदलून तोच दोष पुन्हा येतो: आधी कारखान्यांचे वायू, मग जंगले, मग चुली, आता शेती. २०२३ मध्ये सहा देशांतल्या जंगल-प्रकल्पांची तशाच दुसऱ्या जंगलांशी तुलना करून पाहिली, तर बहुतेक प्रकल्पांनी जंगलतोड लक्षणीय कमी केलेलीच नव्हती. चूक एखाद्या मापाड्याची असती तर मापाडी बदलून भागले असते.

अमळनेर तालुक्यातल्या एका गावात, मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात अशी एक बैठक मी मागे बसून ऐकली. प्रतिनिधी तरुण होता, नम्र होता, त्याने फसवणुकीचे एकही वाक्य उच्चारले नाही, हे नमूद केले पाहिजे. अर्जाचे कागद वाटले गेले. करार तीस वर्षांचा, मूळ मसुदा इंग्रजीत. एका रकान्यात करारापूर्वी बांधावर असलेल्या झाडांची संख्या लिहायची होती. माझ्या शेजारी बसलेल्या पासष्टीच्या गृहस्थांनी बोटांवर मोजून एकतीस लिहिले. निंब, बाभूळ, दोन आंबे, एक चिंच. ही झाडे धरली जाणार नाहीत, करारानंतर लावलेलीच धरली जातील, असे कळल्यावर त्यांनी उभे राहून विचारले, “मना बापनी लायेल झाडस्ना पैसा काबर नही?” सगळी बैठक हसली, पण प्रश्नाला उत्तर आले नाही, नियमाप्रमाणे ते देता येण्यासारखे नव्हतेच. ज्याचा बांध उघडाबोडका, त्याचे शेत योजनेत पुरेपूर बसत होते. ज्याच्या बापाने झाडे लावली आणि ज्याने दुष्काळातही ती लाकडासाठी विकली नाहीत, त्याच्या नावावर शून्य.

साक्री तालुक्यातलेच बारीपाडा घ्या. १९९० च्या दशकात चैत्राम पवार आणि त्यांच्या गावकऱ्यांनी उजाड झालेले जंगल राखायला घेतले, तोडीवर बंदी घातली, मोडणाऱ्याला दंड लावला, पाळीने राखण केली. आज तिथे सुमारे ११०० एकर जंगल उभे आहे, विहिरींना पाणी आहे, आणि दरवर्षी वनभाज्यांचा महोत्सव भरतो. २०२५ साली पवारांना पद्मश्री मिळाली. आता या जंगलाचे क्रेडिट विकायचे ठरवले तर काय करावे लागेल? ते राखले गेले आहे, त्याला धोका नाही, म्हणून बाजाराच्या दृष्टीने त्याची किंमत नाही. किंमत यावी यासाठी ‘पैसे मिळाले नाहीत तर हे लोक जंगल तोडतील’ असे कागदावर दाखवावे लागेल. सातपुडा-सह्याद्रीतला भिल्ल, पावरा, तडवी, कोकणी माणूस जंगल बुडवतो, हा आरोप १८७८ च्या वन कायद्याच्या काळापासून त्याच्यावर होत आला. त्याच आरोपाच्या जोरावर राखीव जंगलाच्या रेषा त्याच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत आल्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने आपल्या प्रास्ताविकेत त्याला ऐतिहासिक अन्याय म्हटले. आता कार्बनच्या बाजारात उतरण्यासाठी त्याने तोच आरोप स्वतःच्या सहीने कबूल करायचा का?

मग हवामानशास्त्राचा मुद्दा येतो: आभाळाला टन कुठला ते कळत नाही, दीपनगरला वाचला काय अन् तोरणमाळला शोषला काय, सारखेच. तत्त्वतः बरोबर वाटते. पण हिशेब करून पाहू. भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्रातला ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालला तर १ कोटी २० लाख युनिट वीज तयार होते, आणि कोळशाच्या विजेला युनिटमागे साधारण एक किलो या हिशेबाने अकरा-बारा हजार टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वाढत्या झाडाने वर्षाला २० किलो शोषला असे उदारपणे धरले, तरी त्या एका दिवसाच्या धुरासाठी साडेपाच-सहा लाख झाडे वर्षभर वाढली पाहिजेत. हेक्टरी ११०० झाडे लावली तर पाचशे हेक्टर लागतात. म्हणजे बारीपाड्याच्या अख्ख्या जंगलाहून थोडी अधिक जमीन, एका संचाच्या एका दिवसासाठी. दुसऱ्या दिवसासाठी दुसरी जमीन कुठून आणायची? शिवाय कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षे जमिनीखाली बंद होता, आणि झाडातला कार्बन पहिल्या वणव्यापर्यंत बंद असतो. फाल्गुन-चैत्रात सातपुड्याच्या डोंगरांवर रात्री पेटलेल्या रेषा ज्याने पाहिल्या आहेत त्याला हे समजवावे लागत नाही. कॅलिफोर्नियाच्या योजनेत शंभर वर्षांच्या हमीसाठी राखीव क्रेडिटचा साठा ठेवला होता. त्यातला वणव्यांसाठीचा जवळजवळ सगळा हिस्सा दहा वर्षांच्या आतच संपल्याचा अंदाज २०२२ मध्ये संशोधकांनी मांडला. झाडे लावायचीच आहेत. ती धुराच्या बरोबरीने लावायची आहेत, धुराच्या बदल्यात नव्हे.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो: हा पैसा तरी येतो, दुसरा कुठला येणार? २००९ साली कोपनहेगनमध्ये श्रीमंत देशांनी गरीब देशांना हवामानबदलाशी झुंजण्यासाठी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर देण्याचे वचन दिले, आणि त्यांच्याच हिशेबाने ते पहिल्यांदा पाळले गेले २०२२ मध्ये. अमेरिकेतला माणूस वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, आपला सुमारे २ टन. देणे त्यांचे आहे आणि ते देत नाहीत. अशा स्थितीत शेतकऱ्याला ‘हे पैसे घेऊ नकोस’ म्हणण्याचा मला काय अधिकार? काहीच नाही, आणि मी तसे म्हणतही नाही. ज्याला करार परवडतो त्याने तो समजून घेऊन करावा. पण पैसा किती, तेही पाहावे. बांधावर दोनशे झाडे लावली आणि ती सगळी जगली तर वर्षाला चार टन. टनाला पाचशे रुपये शेतकऱ्याच्या हातात पडले असे धरले तरी दोन हजार रुपये. एक क्विंटल कापसाच्या हमीभावाचा हा तिसरा हिस्साही नाही, आणि त्यासाठी तीस वर्षे जमीन बांधून घ्यायची. त्यात आणखी एक मेख आहे. हवामानबदलावरच्या पॅरिस करारानुसार परदेशाला अधिकृतपणे विकलेली घट आपल्या देशाला स्वतःच्या हिशेबातून वजा करावी लागते. सोप्या आणि स्वस्त घटी आज विकून टाकल्या की उद्या आपली उद्दिष्टे गाठताना महागड्या घटी आपल्या वाट्याला उरतील. वेचणीचा पहिला पांढरा कापूस परक्याला आणि शेवटची किडकी कवडी घरात, असला हा सौदा आहे.

दुसरा मार्ग महाराष्ट्राने एकदा चालून दाखवला आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे राज्यभर उघडली, आणि त्या योजनेला पैसा कुठून आणायचा या प्रश्नावर १९७५ साली व्यवसाय कर आला. मुंबई-पुण्यातल्या पगारदाराच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम कापली गेली आणि ती गावोगावच्या बंडिंगवर, पाझर तलावांवर, रस्त्यांवर राबणाऱ्या हातांपर्यंत पोहोचली. त्या योजनेत भ्रष्टाचार झाला, हजेरीपटात खोटी नावे निघाली, हे कोण नाकारेल? पण लबाडी पकडता येत होती, कारण मजुरी खोदलेल्या चौकड्या मोजून मिळत होती आणि चौकडी जमिनीत दिसत होती. आणि त्या पगारदाराला कराच्या पावतीबरोबर काही गैर करण्याचा परवाना मिळत नव्हता. त्याने पैसे दिले, गावात तलाव झाला, हिशेब संपला. जंगल राखणाऱ्या ग्रामसभेला, बांधावर झाड जगवणाऱ्या शेतकऱ्याला असेच सरळ पैसे का देऊ नयेत? प्रदूषणावरच्या करातून द्या, श्रीमंत देशांच्या देण्यातून द्या, पण उभे असलेले झाड मोजून द्या आणि त्या बदल्यात कोणाच्याही चिमणीला सूट देऊ नका.

आपल्याच देशाच्या नव्या योजनेकडे म्हणूनच लक्ष हवे. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली. सिमेंट, ॲल्युमिनियम, कागद यांसारख्या उद्योगांना तीत उद्दिष्टे आहेत, पण ती उत्पादनाच्या टनामागची आहेत, एकूण धुराची नाहीत. उत्पादन वाढले तर उद्दिष्ट पाळूनही एकूण धूर वाढू शकतो. कोळशावरची वीज केंद्रे सुरुवातीच्या उद्योगांच्या यादीत नाहीत. आणि डिसेंबर २०२३ च्या दुरुस्तीने भरपाई-क्रेडिटचे दारही उघडून ठेवले आहे. खानदेशातल्या लोकप्रतिनिधींनी, शेतकरी संघटनांनी आणि आदिवासी संघटनांनी ‘आमच्या शेतकऱ्याला क्रेडिट किती मिळणार’ एवढ्यावर न थांबता, एकूण धुरावर मर्यादा कधी येणार आणि दीपनगरसारखी केंद्रे तिच्यात कधी येणार, हे विचारावे. तिथे मोजण्यासाठी कोणत्याही बेसलाइनची गरज नाही. कोळशाच्या वाघिणी वजन होऊनच आत जातात. वनहक्काच्या जमिनीवर किंवा सामूहिक वनावर कार्बनचा कुठलाही करार ग्रामसभेच्या ठरावाशिवाय आणि मराठी मसुद्याशिवाय होऊ नये.

त्या दिवशी देवळातून बाहेर पडताना त्या गृहस्थांनी एकतीसचा आकडा सोडून कोराच उरलेला अर्ज घडी घालून बंडीच्या खिशात ठेवला. सरकारला किंवा जगाला झाडांचे पैसे द्यायचे असतील, तर मोजणी त्यांच्या बांधावरच्या एकतीस झाडांपासून सुरू करावी.